हितंच जाऊन येतो

दाजींच्या तोंडून ‘हितंच’ हा शब्द निघाला की अक्का त्यांच्या वाट्याच्या भाकरी झाकून ठेवायला घ्यायची. हा माणूस आता दिवस मावळल्याशिवाय परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. कुंडलच्या घरातून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं निघाले तरी हितंच, आणि गाडीला किक मारून कवठे महांकाळला निघाले तरी हितंच. एकदा पलटणीतल्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला थेट पंजाबात गेले, तेव्हाही उंबऱ्यातून मागं वळून म्हणाले होते, ‘‘हितंच जाऊन येतो.’’ अक्कानं त्यांना स्वेटर दिला आणि विचारलं, ‘‘ह्या हितंचला थंडी किती असती?’’

अक्का माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. फौजेत ड्रायव्हर होते. परत आल्यावर घरच्या उसाच्या रानाला लागले, पण रानात पाणी सोडलं की पाणी सरीच्या शेवटापर्यंत जायच्या आत दाजी तिसऱ्याच गावात असायचे. मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ चष्म्याचं दुकान चालवतो. आयुष्य एका खुर्चीत काढलेला माणूस. त्यामुळं दाजींना माझी फार कीव यायची. ‘‘पावणं, बसलेलं माणूस म्हंजे न्यूट्रलला टाकलेली गाडी. इंजिन चालू, आन चाक जाग्यावर. निस्तं तेल जळतंय,’’ असं म्हणत ते माझ्या दुकानात उभ्यानंच चहा प्यायचे आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळेपर्यंत पसार व्हायचे.

त्यांना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. जेवायला पाटावर बसले तरी एक गुडघा उभा, उठायच्या तयारीत. लग्नात मंगलाष्टका सुरू झाल्या की मांडवाच्या बाहेर जाऊन लोकांच्या लावलेल्या गाड्या बघत फिरायचे, आणि नवरानवरीच्या गळ्यात हार पडायच्या वेळेला कुणाची तरी चेन ढिली आहे ही बातमी घेऊन परत यायचे. पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण दाजींची भिंगरी थांबली की त्यांचा चेहराच उतरायचा. मला त्याची लहानपणी गंमत वाटायची, पुढं पुढं काळजी वाटायला लागली.

पण त्यांच्या हिंडण्यावर चार घरं चालत होती, हेही खरं. कवठे महांकाळकडं त्यांचा पलटणीतला एक मित्र होता. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि गुडघे गेलेले. दाजी दर आठवड्याला त्याच्याकडं जाऊन गोळ्या देऊन यायचे आणि येताना कुणाचा तरी निरोप, कुणाची तरी चिंच, कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपणाचं गाठोडं घेऊन यायचे. भावकीतली भांडणं फोनवर पेटायची आणि दाजी समोर जाऊन उभे राहिले की विझायची. फोन करून काम होतं, असं मी म्हटलं की ते म्हणायचे, ‘‘फोनवर माणूस खोटं बोलतंय. दारात गाडी उभी ऱ्हायली की खरं बोलतंय.’’

ही सगळी मुशाफिरी एका जुन्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलवर चालायची. ती मिल्ट्रीच्या लिलावातून आलेली, हिरव्या रंगावर काळा रंग चढवलेली. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. हल्लीच्या गाड्यांचं सगळं याच्या उलट असतं. गावातली पोरं हौसेनं ती गाडी मागून घ्यायची आणि पहिल्याच वळणाला ब्रेक समजून गिअर दाबायची. दाजी पारावर उभे राहून हसायचे.

आणि शेवटी तीच चूक त्यांनी उलट्या बाजूनं केली.

जुन्या गाडीचा दुसरा गिअर टिकेनासा झाला होता. टाकला की चार हात जाऊन खट्कन सुटायचा. म्हणून दाजींनी ती गोठ्याच्या कडेला लावली आणि मुलाची, सागरची, नवी गाडी वापरायला घेतली. सागर पुण्यात कंपनीत, त्याची गाडी घरी पडूनच होती. काही महिने निभावलं. मग एका सकाळी कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं गाडी हळू करायची म्हणून त्यांनी गिअर उतरवायला उजवा पाय दाबला. तो होता ब्रेक. गाडी जागच्या जागी फिरली आणि दाजी गाडीसकट पाटाच्या पाण्यात गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं.

सागर पुण्याहून आला, गाडीची किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, ‘‘आबा, आता बास. वय झालं तुमचं. पाय चुकायला लागला.’’

दाजी खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. ते ताडकन उठून बसले. ‘‘पाय चुकला न्हाई. पाय बरूबर हुता. गाडी उलटी हुती.’’

‘‘सगळं जग उलटं आणि तुम्ही तेवढे सरळ, होय?’’

‘‘जगाचं मला म्हाईत न्हाई. गाडीचं म्हाईत हाय.’’

सागरचं चुकत नव्हतं. त्याला रात्रंदिवस फोनची धास्ती असायची, आणि बाप जमिनीवर पडून राहिला तर तिकडं पुण्यात बसून काय करायचं, हा प्रश्न त्याला खरोखरच छळत होता. अक्कानंही त्याचीच बाजू घेतली. ‘‘एस्टी हाय की. कुठं जायाचं तिकडं एस्टीनं जावा,’’ म्हणाली. यावर दाजींनी जे उत्तर दिलं ते आमच्या घरात अजून सगळ्यांना तोंडपाठ आहे. ‘‘एस्टी तिला जायाचं तवा जाती. मला जायाचं तवा मी कशानं जाऊ?’’

हाड जुळेपर्यंतचे दिवस त्या घरानं कसे काढले ते अक्कालाच ठाऊक. दाजी अंगणात फेऱ्या मारायचे. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून फाटकापर्यंत. फाटकाला हात लावायचे आणि वळायचे. शेजारच्यांच्या गाडीचा आवाज आला की ती कितव्या गिअरवर चालली आहे ते मोठ्यानं सांगायचे. मित्राच्या गोळ्या आता कुणीतरी कुरिअरनं पाठवत होतं, आणि तो मित्र फोनवर ‘‘बरं हाय, बरं हाय’’ म्हणायचा. दाजी फोन ठेवून म्हणायचे, ‘‘खोटं बोलतंय ते.’’

अक्कानं मला बोलावून घेतलं ते त्यांना समजावायला. मी सुट्टीच्या दिवशी गेलो. मागच्या सोप्यात अक्काचं जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून ठेवलेला आणि चाकं, शाफ्ट, वायसर असं सगळं ओळीनं मांडलेलं. पुरणाची मोठी परात रॉकेलनं भरलेली. ‘‘आलासा? बॅटरी धरा,’’ दाजी म्हणाले. मी समजवायला गेलो होतो आणि दुपारपर्यंत बॅटरी धरून बसलो.

त्यांनी मला रोग दाखवला. दुसऱ्या गिअरच्या चाकाला बाजूला चौकोनी दात असतात. शेजारच्या चाकाच्या खाचेत ते अडकले की गिअर बसतो. या दातांचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते. दाजी त्यावर अंगठा फिरवत म्हणाले, ‘‘बघा, कोपरा गेला. कोपरा गेल्याव धरणार कशानं? मग जरा जोर आला की सुटतंय.’’ मग ते म्हणाले, ‘‘सागऱ्याला वाटतंय माजा कोपरा गेला. गाडी चालू करून त्येला दावतो.’’

म्हणजे हा गिअरबॉक्स नव्हता, हा खटला होता. गाडी चालू झाली तर दाजी मोकळे, नाहीतर फाटकापर्यंत फेऱ्या. मला ते त्या क्षणी कळलं, आणि त्यांना समजावण्याचा विचार मी तिथंच सोडून दिला.

चाक आणायला मला सांगलीला धाडलं. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एका काळपट दुकानात मी फोनचा कॅमेरा उघडा धरून उभा, आणि पलीकडून दाजी दुकानदाराला हुकूम सोडताहेत : ‘‘फिरवा. आजून फिरवा. त्यो दात उजेडाला धरा. न्हाई, ह्यो माझ्यापरीस म्हातारा हाय, दुसरा काढा.’’ दुकानदार घामाघूम झाला. शेवटी एक चाक पसंत पडलं तेव्हा त्यानं मला हळूच विचारलं, ‘‘मेजर सायब मुलगी बघताना बी आसंच करत्यात काय?’’

खरी गंमत पुढं होती. बेरिंग गिअरबॉक्सच्या आवरणात घट्ट बसतं, ठोकून बसवलं तर आवरण तडकतं. म्हणून आवरण तापवायचं आणि बेरिंग गार करायचं, की ते आपोआप आत जातं. दाजींनी बेरिंग फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. अक्कानं कुल्फीचं पुडकं समजून ते पाहुण्यांच्या पोरापुढं ठेवलं. त्यावरून जो गलका झाला तो ऐकून शेजारचे लोक कुंपणापाशी आले. ‘‘माझ्या दह्याशेजारी ऑइलचं बेरिंग! आवं, मिल्ट्रीत खात हुता काय ह्ये?’’ अक्का ओरडत होती, आणि ओरडता ओरडताच तिनं अंघोळीच्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात आवरण उकळायला ठेवलं होतं. चिमट्यानं ते बाहेर काढून तिनंच लुगड्यावर ठेवलं. दाजींनी वरून बेरिंग सोडलं. टक्‌. एवढाच आवाज आला. दोघं एकमेकांकडं बघून अशी हसली की मला तिथं उगाच बसल्यासारखं झालं.

त्या दिवशी मी निघताना अक्का फाटकापर्यंत आली. ‘‘तुला म्हणून सांगती,’’ ती म्हणाली, ‘‘ह्यास्नी घरात डांबलं तर हितं मरत्याल, आन सोडलं तर रस्त्यावं मरत्याल. ह्यातलं बरं कुठलं, ते सांग मला.’’ मी लोकांना जवळचं आणि लांबचं दिसायचे चष्मे देतो, पण अक्कानं विचारलेलं मला कुठल्याच काचेतून दिसत नव्हतं.

गिअरबॉक्सनं एक मात्र केलं. त्यानं दाजींना बसवलं. ते काम उभ्यानं होत नाही. सुरुवातीला त्यांनी तसंही करून पाहिलं. टेबलावर ठेवून, येरझाऱ्या घालत, येता जाता एकेक चाक बसवत. मग किकची स्प्रिंग उलटी गुंडाळली गेली आणि सगळं बंद करून किक मारल्यावर ती खालीच राहिली, वर येईना. पुन्हा सगळं खोललं. दुसऱ्यांदा घाईघाईत एक वायसर परातीच्या काठाखाली राहिला. पुन्हा खोललं. मग एका दुपारी मी गेलो तर दाजी लुगड्यावर मांडी घालून बसलेले, हात चाकावर, डोळे मिटलेले, आणि पाय शांत. मी दारातच थांबलो. तो माणूस पहिल्यांदाच कुठंही निघालेला नव्हता. मला वाटलं, देवा, ह्यांचा गिअरबॉक्स कधी पुरा होऊ नये.

तो पुरा झाला. सागर सुट्टीला आला होता. अंगणात गाडी उभी, शेजारीपाजारी गोळा झालेले. तिसऱ्या किकला गाडी बोलली. दाजींनी पहिला टाकला, फाटकातून बाहेर पडले, दुसरा टाकला, आणि आम्ही सगळे कान लावून तो सुटतो का ऐकत राहिलो. नाही सुटला. गावाला वळसा घालून, भर बाजारातून, ट्रॅक्टर आणि शेळ्यांमधून वाट काढत ते परत आले आणि तुळशीपाशी चाक न घसरता गाडी अशी थांबवली की सागरच हसायला लागला. ‘‘जिंकला, आबा,’’ तो म्हणाला. ‘‘पण लांब जायचं नाही.’’

‘‘लांब कोण जातंय? हितंच,’’ दाजी म्हणाले. अक्का आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात ते माझ्या दुकानात आले. कुंडलहून साताऱ्यापर्यंत, कराडवरून, एकटे. गाडीचा आवाज मी नाक्यावरूनच ओळखला आणि गिऱ्हाईक सोडून बाहेर धावलो. दाजी उतरले, आत आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. बसले आणि बसूनच राहिले. चहा आला तो त्यांनी बसून प्याला.

‘‘काय झालं, दाजी?’’

त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बघत सांगितलं. नागठाण्याच्या पुढं सर्व्हिस रोडवर शाळा सुटलेली. एक मुलगी सायकलवर, अचानक आडवी आली. दाजींनी ब्रेक दाबला, म्हणजे उजवा पाय दाबला. स्वतःच्या गाडीवर, जिचा ब्रेक जन्मापासून डाव्या पायाला होता. गाडी थांबायच्या ऐवजी तशीच पुढं गेली. हातातला ब्रेक आवळला म्हणून मुलगी वाचली. सायकलचं मागचं चाक चाटून गेली गाडी. पोरगी हसून ‘सॉरी आजोबा’ म्हणून निघूनही गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही.

‘‘मधी सागरची गाडी चालवली ना, त्यामुळं पायाला ती सवय लागली असेल,’’ मी म्हणालो.

‘‘सवय न्हवं. इचारलं मी पायाला. त्येला ठावंच न्हवतं काय करायचं ते.’’ मग म्हणाले, ‘‘तितनं हितवर दुसऱ्यावच आलो. कडंकडंनं. येकदा बी सुटला न्हाई.’’ हे सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा ताठ झाला.

मी खूप वेळ विचार केला आणि माझ्या परीनं वाट काढली. म्हटलं, ‘‘गाडी इथंच ठेवू. अक्काला आणि सागरला सांगतो, गिअरबॉक्स पुन्हा गेला, दुरुस्त होण्यातला नाही. कुणाला काही कळायचं नाही, तुम्हालाही कुणी बोलायचं नाही.’’ माझ्या मते हे फार शहाणपणाचं होतं.

दाजी खुर्चीतून उठले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ‘‘पावणं, त्या गिअरबॉक्सला नावं ठेवायची न्हाईत! बॉक्स येकदम फिट हाय. त्येला काय झालंय? खोटं कुणावर बी घाला, त्येच्यावर न्हाई.’’ त्यांनी माझा फोन घेतला आणि स्वतःच अक्काला लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोरच मोठ्यानं सांगितलं, ‘‘पाय चुकला माजा. एक पोरगी मरता मरता वाचली. गाडी पावण्याकडं ठेवतो. सागऱ्याला सांग, त्येचं बरूबर हुतं.’’

पलीकडून अक्का म्हणाली, ‘‘जेवला न्हाईसा आजून. आदी जेवा.’’

जेवल्यावर मी त्यांना स्टँडवर घेऊन गेलो. रिक्षा करू म्हटलं, तर चालत आले. सांगलीची गाडी लागली होती, कराडला उतरून पुढची धरायची होती. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाले, ‘‘दुकान बगा तुमचं.’’ खिडकीशी बसले. मी खाली उभा. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तुम्ही मोठं काम केलंत, दाजी, असं काहीतरी. इतकी वर्षं चेष्टेत घालवल्यामुळं ते माझ्या तोंडून बाहेरच पडेना. मी एवढंच म्हणालो, ‘‘गाडी मी पुसून ठेवतो.’’

‘‘पुसून काय करताय? चालवा,’’ ते म्हणाले. ‘‘बसून सडंल ती.’’

घंटी झाली. गाडी निघाली, आणि स्टँडच्या दारातून वळताना ड्रायव्हरनं दुसरा टाकला तो असा करकरला की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. मागच्या काचेतून मला दाजी दिसले. ते जागेवरून उठले होते आणि दांड्याला धरत धरत, लोकांच्या पिशव्या ओलांडत, ड्रायव्हरकडं निघाले होते. पुढं त्याच वर्षी थंडीत ते गेले, झोपेत, घरी. मी त्यांना हिंडता फिरता पाहिलं ते तेवढंच शेवटचं.